यंत्राच्या वहीत माणूस कसा मांडतात



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावासमोर संगणकाचा विषय छापलेला पाहून पुष्कळांनी आम्हांस वाटेत थांबवून विचारले की, युनियनवाल्याने हा उद्योग कधीपासून आरंभिला? बोनस, संप, किमान वेतन यांवर आम्ही बोलावे आणि आपण ऐकावे, हे सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींची जातच बदलली. पूर्वी कामगार येऊन म्हणे, 'साहेबाने माझे दिवस कापले.' आता तो म्हणतो, 'सिस्टीम घेत नाही.' साहेबाशी कसे भांडावे हे आम्ही थोडेफार शिकलो होतो. या सिस्टीमशी कसे भांडावे हे शिकण्यासाठी मात्र वाचनालयाची पायरी पुन्हा चढावी लागली. नववीनंतर शाळा सुटलेल्या माणसाने शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी ग्रंथ वाचले. त्यातून जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवतो. सभागृहात आमचे काही इंजिनिअर मित्र बसले आहेत. त्यांना यातले बरेच ठाऊक असेल, तरी त्यांनी शेवटपर्यंत बसावे अशी विनंती आहे.

संगणकाची आज्ञावली, म्हणजे लोक ज्याला प्रोग्रॅम म्हणतात ती, एकदम लिहावयाला घेत नाहीत. घर बांधण्यापूर्वी नकाशा काढतात तसे तिच्याआधी एक चित्र काढले जाते. ज्या कारभारासाठी ती लिहावयाची, त्या कारभारात कोण कोण आहेत, काय काय आहे, कोणाचा कोणाशी कसला संबंध आहे, हे चौकटी आणि रेघा काढून कागदावर मांडतात. या कामाला विश्लेषण म्हणतात आणि त्या चित्राला नमुना, म्हणजे मॉडेल. आमचे म्हणणे असे की, कामगाराच्या, कारकुनाच्या, रुग्णाच्या, विद्यार्थ्याच्या भवितव्याचा बराचसा निकाल या चित्रातच लागून जातो. पुढची आज्ञावली त्या निकालाची केवळ अंमलबजावणी करते.

'नमुना' हा शब्द आपणांस परका नाही. आपल्यापैकी ज्यांची चार-दोन गुंठे जमीन असेल त्यांना सातबारा ठाऊक आहे. सातबारा म्हणजे काय? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. शेत मातीचे असते, त्यात बांध असतात, विहीर असते, भाऊबंदकी असते. त्या सगळ्यातून सरकारला जेवढे हवे तेवढे उचलून कागदावर रकाने पाडले आहेत. सातमध्ये कोणाचा हक्क ते, बारामध्ये कोणते पीक ते. आता त्या सातमध्ये 'इतर हक्क' नावाचा एक रकाना आहे. कुळाचे नाव लागावयाचे ते तेथे. त्या एका रकान्यापायी किती घरे तगली आणि नाव न लागल्यामुळे किती घरे उठली, हे या जिल्ह्यातील म्हाताऱ्या माणसांना विचारावे. ज्याने नमुन्यात तो रकाना पाडला त्याने कुळ अस्तित्वात आणले असे नव्हे. कुळ घाम गाळीत होतेच. पण दप्तराला ते दिसू लागले ते रकान्यामुळे. संगणकाचा नमुना याच जातीचा आहे. फरक एवढाच की, सातबाऱ्याच्या समासात तलाठी पेन्सिलीने चार अक्षरे खरडू शकत असे. यंत्राच्या वहीला समास नसतो.

आता ही चित्रे काढण्याच्या ज्या रीती आहेत त्यांपैकी एकीला 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' म्हणतात. मराठीत कोणी तिला 'वस्तुनिष्ठ' म्हणतात. आम्हांस तो शब्द पसंत नाही. वस्तुनिष्ठ म्हणजे निःपक्षपाती असा अर्थ आपल्याकडे रूढ आहे, आणि हे चित्र तर कोणाच्या ना कोणाच्या बाजूला उभे राहूनच काढलेले असते. आम्ही 'वस्तुकेंद्री' म्हणतो. जुन्या रीतीत कामाचा क्रम लिहीत, पाककृतीसारखा: हजेरी मोज, दराने गुण, फंड वजा कर, पाकीट भर. माहिती एका कपाटात आणि कृती दुसऱ्या कपाटात. वस्तुकेंद्री रीतीत प्रथम विचारतात की, या कारभारात वस्तू कोणत्या? साचा ही एक वस्तू. तिला आपला क्रमांक ठाऊक आहे, आपण चालू आहोत की बंद हे ठाऊक आहे, आणि 'आज किती कापड काढलेस?' असे विचारले तर ती उत्तर देते. माहिती तिच्यापाशी आणि वागणूकही तिच्यापाशीच. अशा अनेक वस्तू एकमेकींना निरोप पाठवितात आणि त्यातून कारभार चालतो. एकाच धाटणीच्या सर्व वस्तूंचा मिळून जो साधारण आराखडा, त्याला 'क्लास' म्हणजे वर्ग म्हणतात. हा शब्द वाचताच आमचे कान टवकारले, हे सांगावयास नकोच. येथला वर्ग वेगळा, तथापि पुढे आपण पाहाल की तो अगदीच वेगळा नाही.

या रीतीचा उगम कोठला? पुष्कळांना वाटते अमेरिकेचा. तो नॉर्वेचा आहे. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणक केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर या दोघांनी १९६० नंतरच्या दशकात 'सिम्युला' नावाची भाषा घडविली. रांगा, वाहतूक, कारखान्यातील कामाचा ओघ अशा व्यवहारांचा यंत्रात हुबेहूब खेळ मांडून पाहावा, हा तिचा हेतू होता. १९६७ च्या सिम्युलात वर्ग, वस्तू, वारसा या सर्व कल्पना आल्या. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या कित्येक भाषा त्याच घराण्यातल्या. न्यूगोर यांच्या मनात ही भाषा यंत्राला आज्ञा देण्याइतकीच व्यवस्थेचे वर्णन करण्याचीही होती, हे ध्यानात ठेवावे. विश्लेषण आणि नमुना यांचे बीज तेथेच आहे.

पण आम्हांस या गृहस्थाचे विशेष वाटले ते पुढल्या गोष्टीसाठी. न्यूगोर यांच्या ध्यानात आले की, कारखान्याच्या कामाचे वर्णन करण्याचे हे जे हत्यार आपण घडविले, ते ज्याच्या हाती पडेल त्याचे बळ वाढणार. आणि ते पडते व्यवस्थापनाच्या हाती. तेव्हा ते नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगारांच्या युनियनकडे गेले. १९७१ मध्ये त्यांचे एकत्र काम सुरू झाले. आरंभी बेत असा होता की, विद्वानांनी पाहणी करावी, अहवाल लिहावा आणि युनियनला द्यावा. थोड्याच दिवसांत दोन्ही बाजूंना कळले की, असा अहवाल फडताळात जाऊन पडेल. मग त्यांनी व्याख्याच फिरविली: कारखान्यातील युनियनने स्वतः जे शिकले आणि जे केले, तेच या कामाचे फळ समजावयाचे. कामगारांनी अभ्यासमंडळे काढली, आपल्या खात्यात कोणते यंत्र येत आहे ते वाचले, त्यावर आपले म्हणणे मांडले. १९७५ मध्ये तेथील कामगार महासंघ आणि मालकसंघ यांच्यात संगणकपद्धतींविषयी देशव्यापी करार झाला. कामगारांच्या बाजूने ही बाब पाहणारा प्रतिनिधी असावा, माहिती वेळेवर आणि समजेल अशा भाषेत मिळावी, असे त्यात ठरले. १९७७ च्या कायद्याने कामाची पद्धत आखण्यातील सहभागाला आणखी बळ दिले. डाल आणि न्यूगोर यांना संगणकशास्त्रातील सर्वांत मोठे ट्युरिंग पारितोषिक २००१ सालचे मिळाले आणि २००२ मध्ये दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने वारले. इंजिनिअरिंगची मुले वर्ग आणि वारसा शिकतात. त्यांच्यापैकी किती जणांना न्यूगोर यांचे हे दुसरे काम सांगितले जाते, असे आम्ही येथील मित्रांनाच विचारतो.

असो. आता आपल्या गावाकडे येऊ. २००६ सालची गोष्ट आहे. गिरणीचे नाव सांगण्याचे कारण नाही. आमचे एक सभासद, विणकर, निवृत्त झाले. १९८३ मध्ये बदली म्हणून लागले, १९९० मध्ये कायम झाले. बदलीच्या सातही वर्षांत त्यांचे दरसाल २४० हून अधिक दिवस भरलेले. तेव्हाच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी म्हणजे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांची मजुरी. हातात हिशेब आला तो सोळा वर्षांचा. सात वर्षे गेली कोठे? सात गुणिले पंधरा, म्हणजे १०५ दिवसांची मजुरी. ते पगारखात्यात गेले तेव्हा कारकुनाने आपुलकीने सांगितले, 'मामा, मला दिसते आहे तुम्ही जुने आहात, पण सिस्टीम त्याच्या मागचे घेतच नाही.'

आम्ही भांडावयाच्या तयारीने गेलो आणि तेथे कोणी लबाड सापडेना. व्यवस्थापकाने मुद्दाम काही केले नव्हते. आज्ञावली लिहिणारा तरुण सालस होता. त्याने आपले चित्र आमच्यासमोर पसरले. वर 'कामगार' अशी एक चौकट, तिच्याखाली तीन चौकटी: कायम, बदली, कंत्राटी. तिन्हींकडून वरच्या चौकटीकडे पोकळ त्रिकोणी टोकाचे बाण. या बाणाला वारसा म्हणतात आणि त्याचा अर्थ 'हा त्याचाच एक प्रकार आहे' असा होतो. मांजर हा प्राण्याचा प्रकार, तसा बदली हा कामगाराचा प्रकार. चित्र दिसावयाला नीटस होते. परंतु बहुतेक भाषांत एका वर्गात जन्मलेली वस्तू पुढे दुसऱ्या वर्गात जाऊ शकत नाही. मांजराचा कुत्रा होत नाही. मग बदली कायम झाला की काय करावयाचे? जुनी वस्तू मिटवून नवी जन्माला घालावयाची. नवा क्रमांक, नवी तारीख. आमचे विणकरमामा यंत्राच्या लेखी १९८३ साली लागलेच नव्हते. ते १९९० साली पुन्हा जन्मले होते.

त्या तरुणाला आम्ही विचारले, 'बदली म्हणजे काय, हे तुम्हांला कोणी सांगितले?' तो म्हणाला, पर्सोनेल ऑफिसर आणि पगारखाते. टाइमकीपरला विचारले नव्हते, जॉबरला नव्हते, बदलीला तर नव्हतेच. गंमत अशी की, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील लेऑफच्या प्रकरणात बदलीची फार चोख व्याख्या होती. मस्टरवर ज्याचे नाव आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी लावलेला तो बदली. आणि एक वर्ष अखंड सेवा झाली की त्या कलमापुरता तो बदली समजला जाणार नाही. म्हणजे बदली हा माणसाचा प्रकार नव्हेच. तो दोन माणसांमधला संबंध आहे, आणि त्याला सुरुवात आहे, शेवट आहे. कायदा लिहिणारांनी जे चित्र शब्दांत काढले होते ते संगणकाच्या चित्रापेक्षा सरस होते. हे दोन्ही जुने कायदे पुढे २०२० च्या श्रमसंहितांत विलीन झाले, पण शिकण्यासारखी गोष्ट त्यांतून गेलेली नाही.

वस्तू कोणत्या हे शोधण्याची एक साधी रीत अ‍ॅबट नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८३ मध्ये मांडली. कारभाराचे वर्णन साध्या भाषेत लिहावे, त्यातील नामांखाली रेघ ओढावी, ती वस्तू होण्यास उमेदवार. क्रियापदे ही त्यांची कामे. आमच्यासारख्याला ही रीत फार आवडली, कारण व्याकरण आम्ही शाळेत तेवढे शिकलो होतो. करून पाहा: 'विणकर गैरहजर राहिला की जॉबर त्याच्या साच्यावर बदलीला लावतो.' विणकर, जॉबर, साचा, बदली, ही नामे. पण थांबा. मराठीत 'बदली' हे माणसाचेही नाव आहे आणि घडलेल्या गोष्टीचेही. बदली आला, आणि बदली झाली. लिंग बदलले की अर्थ बदलतो. त्या इंजिनिअरने पुल्लिंगी बदली उचलला. उचलावयास हवी होती ती स्त्रीलिंगी. कोणाच्या जागी, कोण, कोणत्या साच्यावर, केव्हापासून केव्हापर्यंत, हे सारे त्या स्त्रीलिंगी बदलीपाशी राहते आणि माणूस मात्र एकच, एकाच क्रमांकाचा, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. त्या तरुणाने हे ऐकून पेन्सिल काढली आणि 'नेमणूक' नावाची एक चौकट कामगाराच्या बाजूला जोडली. एका कामगाराला अनेक नेमणुका. चार रेघांचे काम. मामांचे १०५ दिवस त्यातून मिळाले, आणि त्यांच्यामागून निवृत्त होणाऱ्यांना मागावेच लागले नाहीत.

चौकटीखाली चौकट काढलेली दिसली की एक प्रश्न विचारीत जावा: आज जो हा आहे, तो उद्या हा राहणार नाही असे घडू शकते काय? घडत असेल तर तो प्रकार नव्हे, ती भूमिका आहे. विद्यार्थी, भाडेकरू, रुग्ण, कर्जदार, या सर्व भूमिका आहेत. माणसाला भूमिकेतच जन्माला घातले की भूमिका सुटताना माणूसही वहीतून सुटतो.

दुसरी रीत कार्डांची. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम या दोघांनी १९८९ मध्ये ती लोकांपुढे ठेवली. साधी कोरी कार्डे घ्यावयाची. प्रत्येकावर वर वर्गाचे नाव, डावीकडे त्याच्या जबाबदाऱ्या, उजवीकडे त्या पार पाडताना तो कोणाकोणाची मदत घेतो ती नावे. एवढेच. मग माणसे टेबलाभोवती बसतात, एकेक कार्ड हाती घेतात आणि कारभार बोलून दाखवितात. यंत्र नको, वीज नको. आम्ही युनियनच्या कचेरीत हा प्रयोग पुष्कळदा केला आहे, आणि जमिनीवर सतरंजीवर बसून तो टेबलापेक्षा बरा होतो असे आमचे मत आहे.

एका बैठकीत टाइमकीपरच्या हाती 'हजेरी' आले, जॉबरच्या हाती 'नेमणूक', आणि वाइंडिंग खात्यातील एका बाईंच्या हाती 'सेवा', म्हणजे अखंड सेवेचे दिवस मोजणारे कार्ड. बाईंनी 'हजेरी'ला विचारावयाचे, 'दिवस किती?' आणि आलेला आकडा लिहावयाचा. दोन फेऱ्या झाल्या आणि बाई थांबल्या. म्हणाल्या, 'माझ्या बाळंतपणाचे दिवस याच्याकडे गैरहजर म्हणून पडलेत. मग मी विचारू कोणाला?' सगळे गप्प झाले. ग्रॅच्युइटीच्या कायद्यात प्रसूतिरजेचे दिवस, लेऑफचे दिवस, कामावर अपघात होऊन घरी काढलेले दिवस हे काम केलेले दिवसच धरले जात. हजेरीचे दिवस आणि सेवेचे दिवस या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि चित्रात त्या एकाच चौकटीत कोंबल्या होत्या. हे कोणा तज्ज्ञाच्या ध्यानात आले नव्हते. ज्या बाईला दोन मुले झाली होती तिच्या ध्यानात आले. त्याच बैठकीत आणखी एक निघाले: बदली संपली हे जाहीर करण्याची जबाबदारी एकाही कार्डावर लिहिलेली नव्हती. प्रत्येकाला वाटत होते ती दुसऱ्याची.

तिसरी रीत सर्वांत लोकप्रिय झाली. स्वीडनच्या ईवार याकोब्सन यांनी एरिक्सन या टेलिफोनच्या कंपनीत काम करता करता ती घडविली आणि १९९२ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडली. तिला 'यूज केस' म्हणतात. एक चौकोन काढावयाचा, ती यंत्रणा. बाहेर काडीचा माणूस काढावयाचा, तो वापरणारा. त्याला यंत्रणेकडून काय काय करून हवे, ते लंबगोलांत लिहावयाचे. रीत उत्तम आहे. इंजिनिअरला यंत्राबाहेर येऊन माणसाकडे पाहावयास ती लावते. पण आमची एक तक्रार आहे. काडीचा माणूस होण्याचा मान सहसा ज्याला मिळतो तो कळ दाबणारा. ज्याच्यावर कळ दाबली जाते तो चित्रात नसतो. पगारपत्रकाच्या यंत्रणेत कारकून आहे, अधिकारी आहे, बँक आहे; ज्याचा पगार तो कोठेच नाही, कारण तो काही 'वापरीत' नाही. आम्ही चित्र पाहावयास गेलो की प्रथम काडीची माणसे मोजतो आणि मग विचारतो, 'यात आमचा कोणता?'

याकोब्सन, ग्रेडी बूच आणि जेम्स रम्बॉ या तिघांच्या निरनिराळ्या चित्रलिपी पुढे एक झाल्या आणि १९९७ मध्ये 'यूएमएल' या नावाने तिला सर्वमान्यता मिळाली. तिचे बारकावे येथे सांगत बसत नाही. एका चित्राचा मात्र उल्लेख केला पाहिजे. वस्तू कोणकोणत्या अवस्थांतून जाते ते दाखविणारे एक चित्र असते. इस्रायलच्या डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या रीतीवर ते बेतले आहे. गोल कोपऱ्यांच्या चौकटी म्हणजे अवस्था, बाण म्हणजे एकीतून दुसरीत जाण्याची वाट. हे चित्र वाचावयास कोणालाही येते, आणि त्यात पाहावयाचे ते एकच: कोणत्या अवस्थेतून बाहेर पडणारा बाण नाही? घरोघर डबे पोचविणाऱ्या मुलांच्या मोबाईलवर एके सकाळी 'खाते बंद' अशी अक्षरे येतात. मुलगा आमच्याकडे येतो. कचेरी कोठे, साहेब कोण, काही ठाऊक नसते. त्याचे अवस्थाचित्र काढावयास आम्ही कार्डे घेऊन बसतो तेव्हा दिसते की, 'चालू'मधून 'बंद'मध्ये जाणारे बाण चार-पाच आहेत, उलट येणारा एकही नाही. अपील ही अवस्थाच कोणी काढलेली नाही. आणि त्याच्या चौकटीवर नाव काय? 'पार्टनर'. भागीदार! ज्या वर्गाचे नाव भागीदार, त्याच्या जबाबदाऱ्यांत आठवड्याची सुट्टी आणि अपघाताची भरपाई येणार कोठून? मघाशी आम्ही म्हटले होते की, येथला वर्ग अगदीच वेगळा नाही, ते याकरिता.

याविरुद्ध कोठे काही होत नाही असे नाही. स्पेनने २०२१ मध्ये कायदा केला की, कामावर परिणाम करणारे निर्णय यंत्र कोणत्या गणितावर घेते ते कामगार प्रतिनिधींना सांगितले पाहिजे. आपल्याकडे राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांच्या नोंदणीचा आणि कल्याणाचा कायदा केला.

आमच्या मागणीपत्रांत अलीकडे एक कलम असते. नवी संगणकपद्धती विकत घेण्यापूर्वी तिचे वर्गचित्र आणि अवस्थाचित्र युनियनला दाखवावे, मराठीत वाचून दाखवावे, आणि विश्लेषणाच्या मुलाखतींत खात्यातील किमान दोन कामगार असावेत. पहिल्या खेपेस एका व्यवस्थापकाने उत्तर दिले की, ते चित्र पुरविणाऱ्या कंपनीचे गुपित आहे. आम्ही म्हटले, 'तुमचे यंत्र कसे चालते ते गुपित ठेवा, पण त्यात आमचे नाव कोठल्या चौकटीत आहे हे आमच्यापासून गुपित कसे?' कलम अजून वाटाघाटीत आहे.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वीस मिनिटे राखून ठेवली आहेत. दाराजवळच्या टेबलावर कोरी कार्डे आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. आपल्यापैकी जे बँकेत, इस्पितळात, शाळेत, नगरपालिकेत काम करतात, त्यांनी आपल्या कचेरीतील एखाद्या चौकटीचे नाव आणि तिची जबाबदारी लिहून आणावी. प्रश्नोत्तरांस तेथूनच आरंभ करू.